सहा मिनिटं, झाकण ठेवून

३ मार्च, मंगळवार

ही वही ताईने दिली. म्हणाली, "रोज लिही. वाफ कधी आली, किती वेळ राहिली, त्याआधी काय खाल्लं होतंस. मी औषध आणून देते, महिन्याभरात कळेल ते लागू पडतंय की नाही." मोठ्या बहिणीला नाही म्हणायची सोय नसते. त्यातून ती शाळेच्या ग्रंथालयात तीस वर्षं मुलांना गप्प बसवत आलेली, त्यामुळे तिच्यापुढे मीही गप्पच बसते. तर लिहिते.

वय एक्कावन्न. पाळी जाऊन आठ महिने झाले. नोकरी चहा चाखायची. लोकांना ऐकून हसू येतं. "म्हणजे दिवसभर चहाच पिता?" पीत नाही हो! भुरका मारायचा, जिभेवर खेळवायचा आणि पिकदाणीत थुंकायचा. दिवसाला शंभरसव्वाशे पेले, अशी अठ्ठावीस वर्षं. आमच्या कंपनीचा सात नंबरचा चहा माझ्या जिभेने जुळवलेला आहे. पानं दरवर्षी बदलतात, हवा बदलते, पण गिऱ्हाइकाच्या कपातला सात नंबर बदलता कामा नये. तो बदलू न देणं हे माझं काम.

आजच्या वाफा पाच. पहिली सकाळी दहाला, तेराव्या पेल्यावर. पोटातून उठली, छातीतून मानेत, मानेतून कानात. कपाळावरचा घाम टपकन पेल्यात पडला. झाला की नमुना वाया!

शेजारी भोंगा उभा होता. हा माझ्या हाताखालचा चाखणारा, बारा वर्षं बरोबर आहे. भुरका असा मारतो की खालच्या गोदामात ऐकू जातो, म्हणून भोंगा. हळूच म्हणाला, "बाई, पंखा लावू का?"

"चाखायच्या खोलीत पंखा? पेले गार होतील, वास उडून जाईल. बारा वर्षांत एवढंही नाही शिकलास?"

त्याने नवा पेला भरून पुढे ठेवला. मला उगाच बोलल्यासारखं झालं. पण बोलले ते खरंच होतं.

५ मार्च, गुरुवार

ताई एक कुंडी आणि एक डबा घेऊन आली. कुंडीत करड्या-हिरव्या पानांचं झुडूप, पानं सशाच्या कानासारखी लुसलुशीत. डब्यात तीच वाळवलेली. सेज म्हणतात याला. म्हणे घाम आटतो, वाफा थांबतात, शेकडो वर्षं बायका घेत आल्या आहेत. बरोबर बडीशेप आणि जवसही दिलंय.

"किती घ्यायचं?"

"चिमूटभर. कपात टाकायचं, दोनेक मिनिटांनी गाळायचं."

चिमूटभर! दोनेक! हे म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे. ताई गेल्यावर मी कपाटातला जुना तराजू काढला. आमच्या धंद्यात पेल्याला पावणेतीन ग्रॅम पत्ती, खळखळतं पाणी, सहा मिनिटं, झाकण ठेवून. पानातलं जे काय असेल ते सगळं उतरलं पाहिजे. अर्धवट काढलेल्या पेल्याला आम्ही पेला म्हणत नाही. तसं रीतसर केलं. दिवसातून तीन वेळा घ्यायचं ठरवलं.

चव: कडू, तुरट, कापराची झाक, शेवटी टाळूला चिकटणारी. अठ्ठावीस वर्षं थुंकत आले, हा घोट मात्र गिळला. फार चुकल्याचुकल्यासारखं वाटलं, पिकदाणी शोधत होते.

९ मार्च, सोमवार

काल तीन वाफा, आज दोन. खोटं नाही लिहीत.

आमचे शिंपीबुवा (म्हणजे नवरा, पुढच्या खोलीत त्यांचं मशीन आहे, बायकांचे कपडे शिवतात) आज न सांगता माझ्यासाठी दोन ब्लाउज शिवून बसले होते. मऊ सुती कापड, गळा मोठा, पाठीला एकच बंद, ओढला की सुटतो. म्हटलं, "हे कधी मापलंत?" तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे उत्तर नाही. या माणसाच्या तोंडात टाचण्या नेमक्या कधी असतात याचा मी सत्तावीस वर्षं अभ्यास केला आहे. अवघड प्रश्न आला की असतात.

१४ मार्च, शनिवार

एकच वाफ! तीही आली आणि जिन्यावरच्या पाहुण्यासारखी आत न येताच गेली. सलग सात तास झोपले. ताईला फोन करून म्हटलं, तुझे पाय धुऊन पाणी पिते. ती म्हणाली, पाणी नको, सेजच पी.

ऑफिसात साहेबांनी तारीख सांगितली. वीस एप्रिलला हॉटेलवाल्या बाई येणार. त्यांच्या सगळ्या हॉटेलांत सात नंबर जातो. यंदाच्या नव्या पानांतून तो जुळवून त्यांच्यापुढे ठेवायचा आणि त्या पसंत करणार. दरवर्षीचंच आहे. पण साहेब दारात थांबून म्हणाले, "बाई, त्यांनी नाही म्हटलं तर सात नंबर बंदच करावा लागेल. आणि सात नंबर नसेल तर..." पुढचं वाक्य गिळलं त्यांनी. सात नंबर नसेल तर त्या खोलीत माझं काय काम, हेच ना? तेवढं कळतं मला.

संध्याकाळी भाज्यांचं सूप केलं. मन लावून, चाखून चाखून. शिंपीबुवांना विचारलं, "बरं झालंय ना?" म्हणाले, "झकास." वर तीन पेले पाणी प्यायले. उन्हाळा यंदा लवकर लागलेला दिसतो.

१९ मार्च, गुरुवार

यंदाची पानं मेली आहेत. कडक म्हणून पाठवलेली सपाट, उजळ म्हणून पाठवलेली मिळमिळीत. बारा नमुन्यांवर मी एकच शेरा लिहिला. मळेवाल्यांना पत्र लिहायला घेतलं, तर भोंगा म्हणतो, "बाई, आज नका पाठवू. चौथा आणि नववा मला बरे वाटले."

"तुला बरे वाटले?"

"म्हणजे... परत एकदा बघू, इतकंच."

कानामागून आला आणि तिखट झाला! याला भुरका कसा मारायचा ते मी शिकवलं. पहिल्या दिवशी ठसका लागून शर्टभर चहा सांडला होता याने. पत्र पाठवलं नाही, पण त्याच्याशी दिवसभर बोललेही नाही.

वाफ: एकही नाही.

२४ मार्च, मंगळवार

किटली बदलली. पाणी बदललं. पेले सोड्याने घासून घेतले. खिडकीचा पडदा काढला. तरी सगळे चहा एकाच आईची लेकरं असल्यासारखे लागतात.

तोंड हल्ली फार कोरडं पडतं. सकाळी उठले की जीभ टाळूला कागदासारखी चिकटलेली असते. म्हणून सेजचा चौथा पेला सुरू केला, तेवढाच ओलावा. वाफा पूर्ण बंद आहेत, तेव्हा तक्रार कसली करायची!

शिंपीबुवा म्हणाले, "आज स्वयंपाक मी करतो." मी म्हटलं, "का, माझा कंटाळा आला?" पटकन दोन टाचण्या तोंडात. मग मीच केला. बटाट्याची भाजी. "बरं झालंय ना?" "झकास." पावाचे सहा तुकडे खाल्ले त्यांनी भाजीबरोबर. एरवी दोन खातात. अंगी लागू दे, गेल्या वर्षी फार वाळले होते.

२९ मार्च, रविवार

ताई जेवायला आली. पहिल्याच चमच्याला तिला असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी. "अगं, हे काय..." म्हणाली आणि एकदम "आई गं!" करून तिने पाय वर ओढून घेतला. टेबलाखाली कशाला तरी आपटला म्हणे. शिंपीबुवांनी लगेच तिच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला, ताटात पाव वाढला, आणि कधी नव्हे ते एवढे बोलायला लागले की विचारू नका. मशीनच्या तेलावर अर्धा तास! ताईही मान खाली घालून ऐकत होती. सगळं सूप संपवलं बिचारीने.

जाताना तिने मला जिन्यात मिठीच मारली. "तू किती घेतेस गं ते सेज?" म्हणून विचारलं. म्हटलं, "अगदी मोजून घेते, काळजी करू नकोस." मी कुठलीही गोष्ट मोजल्याशिवाय करते का?

तिला वय झाल्यामुळे तिखट सोसत नाहीसं दिसतं. पण सूपात मिरपूड तर मी घातलीच नव्हती.

२ एप्रिल, गुरुवार

वाफ: एकही नाही.

दुपारी कात्री हवी होती म्हणून भोंग्याचा खण उघडला. आत चिठ्ठ्यांचा गठ्ठा. एकोणीस मार्चपासून रोजची एक. प्रत्येक नमुन्यापुढे निळ्या शाईत माझा शेरा आणि त्याच्याखाली लाल शाईत त्याचा. "बाई: सपाट. खरं: कडक, भरदार." "बाई: ठीक. खरं: ओल लागलेली, परत पाठवावी." ओळीमागून ओळ. बाई, खरं. बाई, खरं.

ओल लागलेली पत्ती मी ठीक म्हटली? मी?

खण होता तसा बंद केला. गोदामात जाऊन खोक्यांच्या मागे उभी राहिले आणि तोंडात पदर कोंबून रडले. आधी वाटलं, हा माझ्या खुर्चीवर टपलाय, साहेबांपुढे गठ्ठा ठेवणार आणि म्हणणार, बघा तुमच्या बाई. मग मनात आलं, आणि हे लाल शाईतलं खरंच असेल तर? या दोनांतलं काय जास्त वाईट ते मला ठरवता आलं नाही.

४ एप्रिल, शनिवार

दोन दिवस कुणाशी बोलले नाही. आज शिंपीबुवांना सगळं सांगितलं. ते बाही जोडत होते. मी म्हटलं, "पेल्याला काय दोष द्यायचा, नाचता येईना अंगण वाकडं. कदाचित माझी जीभच..." मशीन थांबलं. तोंडात टाचण्या होत्या त्या त्यांनी काढल्या, उशीला टोचल्या, माझ्याकडे बघितलं, आणि मग परत तोंडात घातल्या.

थोड्या वेळाने म्हणाले, "माझा गुडघा दुखतोय. सोमवारी डॉक्टरीणबाईंकडे जायचंय. तू चल बरोबर."

घ्या. मी इथे बुडतेय आणि यांना गुडघा आठवला. पण माणूस गरीब आहे, कधी काही मागत नाही. जाईन.

६ एप्रिल, सोमवार

डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या. मानेभोवती ओला नॅपकिन, टेबलावर छोटा पंखा. मला बघून हसल्या, "तुम्हीही का?" शिंपीबुवांना म्हणाल्या, "तुम्ही बाहेर बसा." मी म्हटलं, अहो, गुडघा त्यांचा आहे. तोवर ते बाहेरही गेले होते, चांगले तरातरा.

काय घेता, विचारलं. सांगितलं. कसं करता, विचारलं. तेही सांगितलं: पावणेतीन ग्रॅम, खळखळतं पाणी, सहा मिनिटं, झाकण ठेवून, दिवसातून चार वेळा.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "चार वेळा? सहा मिनिटं? अहो बाई, ही पानं घाम आटवतात म्हणून तर घेतात. घाम आटवणारं पान तोंडातलं पाणी ठेवेल का? थुंकी नाही तर चव कुठून लागणार?"

मी जीभ टाळूला लावून बघितली.

"शपथेवर नाही सांगत मी. या वयात तोंड एरवीही कोरडं पडतं, इतर कारणंही असतात. रक्त तपासू. पण हे आजपासून बंद. झाडपाला म्हणजे निरुपद्रवी, असं नसतं हो. औषध म्हणून घेता ना, मग औषधासारखंच विचारून घ्यायचं."

घरी आल्यावर मी शिंपीबुवांना तीन पेले करायला लावले. एकात सात नंबर, एकात सहा, एकात कोपऱ्यावरच्या दुकानातला भुसा. स्वतः भिंतीकडे तोंड करून बसले. तिन्ही चाखले. परत चाखले. एकाला सात नंबर म्हटलं. पेल्याखाली त्यांच्या खडूने लिहिलेलं होतं: भुसा.

सात नंबर माझं लेकरू आहे. आम्हाला मूल नाही म्हणून म्हणत नाही मी हे, असतं तरी म्हटलं असतं. आणि मी त्याला ओळखलं नाही.

अति तेथे माती. जगभरच्या बायका चिमूटभर घालतात आणि गाळून पितात, त्यांचं काही बिघडत नाही. अर्क काढत बसायची बुद्धी चाखणारीलाच व्हायची. डबा ताईला परत दिला. कुंडी राहू दिली, झाडाचा काय गुन्हा?

शिंपीबुवांच्या गुडघ्याचं विचारायचं राहूनच गेलं.

१३ एप्रिल, सोमवार

वाफा सहा. जणू बाहेर उभ्या राहून वाटच बघत होत्या.

रक्त ठीक आहे. तोंड थोडं ओलं वाटतं. चव नाही. आंबट कळतं, कडू कळतं, बाकी सगळं भिंतीपलीकडच्या बोलण्यासारखं. सात दिवस उरले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जिभेला तारीख देता येत नाही."

१६ एप्रिल, गुरुवार

आज भोंग्याला विचारलंच. नमुने संपल्यावर दार लावलं आणि म्हटलं, "खणातला गठ्ठा कुणासाठी आहे?"

त्याचे कान लाल झाले. "बाई, तुम्ही पाहिलात?"

"साहेबांना कधी देणार?"

"साहेबांना?" तो माझ्याकडे बघतच राहिला. "साहेबांकडे रोज शेरे जातातच की बाई. लाल शाईतले. तुमच्या नावावर. निळे मी ठेवून घेत होतो, चुकून कुणाच्या हातात पडू नयेत म्हणून."

मी खुर्ची ओढून बसले.

तो पिकदाणीकडे बघत बोलत होता. "मी नोकरीला लागल्यावर तिसऱ्या वर्षी मला सर्दी झाली होती. दीड महिना नाक बंद. तेव्हा माझे पेले कोण चाखत होतं? तुम्ही. कुणाला कळू नाही दिलंत. मला तर तेव्हा कुणी ठेवलंही नसतं."

ते मी साफ विसरले होते. खरंच विसरले होते.

"मला वाटलं, तुला माझी खुर्ची हवी आहे."

"ती कुरकुरते बाई. मला नको."

हसू आलं, रडूही आलं, आणि त्याच क्षणी वाफही आली. म्हटलं, "भोंग्या, लाव तो पंखा." त्याने लावला. पेले गार झाले तर होऊ देत. मी त्याला सांगितलं की मला सांगायला हवं होतंस, तोंडावर. तो म्हणाला, "दोनदा प्रयत्न केला. तुम्ही दिवसभर बोलला नाहीत."

पण एक ठरवलं. माझ्या नावावर आता एकही खोटा शेरा जायचा नाही.

२० एप्रिल, सोमवार

सकाळी आधी भोंग्याला घेऊन साहेबांकडे गेले. उभ्या उभ्या सांगितलं, "माझी जीभ रजेवर आहे. महिनाभर शेरे याचे होते." साहेबांचा चेहरा पांढरा पडला. "आणि आज? त्या बाई अकराला येतायत!"

"आज आम्ही दोघं मिळून जुळवतो. नाही जुळला तर खुर्ची रिकामी करते, मला कुणी सांगायला नको."

मग बसलो. भोंग्याने चाखायचं, मला सांगायचं. मी डोळे मिटून ऐकायचं. "चौथा?" "कडक, बाई. पुढून धावून येतो, मागे काही उरत नाही." "म्हणजे आठ वर्षांपूर्वी आला होता तसा. त्याला बूड हवं. नववा घे, तीन भाग." "आता जड झाला." "अकरावा, अर्धा भाग. नुसता वास लावायला." तो चाखत होता आणि मी अठ्ठावीस वर्षं मागे जाऊन एकेक पेला उघडत होते. जिभेवर काही नव्हतं, पण सगळं होतं. प्रत्येक वर्षाचं पान आठवत होतं, त्याला काय कमी होतं आणि मी काय घातलं होतं तेही. सतराव्या मिश्रणाला तो एकदम थांबला. थुंकलाच नाही, गिळला. म्हणाला, "बाई, हा." मी म्हटलं, "काय लागतं ते सांग." तर म्हणे, "पहिल्या दिवशी तुम्ही मला दिला होता तो. शर्टावर सांडलेला."

अकराला हॉटेलवाल्या बाई आल्या, साठीच्या, ताठ. पेला उचलला आणि तेवढ्यात मला आली. घाम कपाळावरून हनुवटीवर. एरवी मी खोकल्याचं निमित्त करून बाहेर पळाले असते. आज म्हटलं, "माफ करा, मला वाफ आली आहे. पाच मिनिटं लागतील, खिडकी उघडते." साहेब खाली बघायला लागले. त्या बाईंनी पेला ठेवला, उठल्या, खिडकीचं दुसरं दार स्वतः उघडलं आणि माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "माझ्या नऊ वर्षं चालल्या," म्हणाल्या. "सभेत, लग्नात, विमानात. कुणाला सांगितलं नाही. मूर्खपणा केला."

मग पेला घेतला. एक घोट, दुसरा घोट. "तोच आहे," म्हणाल्या.

साहेबांना मी म्हटलं, यंदा सात नंबरच्या कागदावर दोन सह्या हव्यात. भोंग्याने सही इतकी वळणदार केली की शाई माझ्या जागेत आली.

३ मे, रविवार

वाफा तीन. पण आज ते नाही लिहायचं.

दुपारी सूप केलं. नेहमीसारखं, चाखून चाखून मीठ घातलं. म्हणजे घालायला गेले. पहिला चमचा, चिमूटभर मीठ, दुसरा चमचा, आणि पुरे झालं. लागलं! बटाट्याचं गोडूस, कांद्याचं, गाजराचं, सगळं वेगवेगळं, आपापल्या जागेवर. मी ओट्याला धरून उभी राहिले. किती वेळ ते माहीत नाही.

मग मिठाच्या बरणीकडे नजर गेली. महिन्याला एक बरणी लागते आमच्याकडे. ही मार्चपासूनची चौथी.

काल रात्रीचं सूप पातेलीत उरलं होतं. एक चमचा तोंडात घातला आणि तसाच मोरीत थुंकला. बाप रे! समुद्र परवडला!

आणि मग एकेक आठवायला लागलं. तीन पेले पाणी. पावाचे सहा तुकडे. "आज स्वयंपाक मी करतो." ताईचा ठसका, ताईचा पाय, मशीनचं तेल. आणि तो गुडघा! तो गुडघा, ज्याच्याविषयी नंतर एक अक्षर कुणी काढलं नाही!

पुढच्या खोलीत गेले. शिंपीबुवा एका झग्याची किनार टाचत होते. तोंडात टाचण्या.

"काढा त्या."

त्यांनी माझ्या हातातली बरणी पाहिली. एकेक करून टाचण्या काढल्या. अकरा होत्या. एवढ्या सावकाश काढल्या की मला मोजता आल्या.

"सात आठवडे," मी म्हटलं. "सात आठवडे तुम्ही ते खाल्लंत. एका शब्दाने बोलला नाहीत."

"खाण्यासारखं होतं."

"खोटं बोलू नका! मी आत्ता चाखलंय."

'चाखलंय' म्हटल्यावर त्यांनी मान वर केली. आधी कळलं नाही, मग कळलं. डोळे भरून आले त्यांचे, आणि चष्मा पुसायला झग्याचीच किनार घेतली, गिऱ्हाइकाच्या. "आली?" एवढंच म्हणाले.

"आली. पण सांगितलं का नाहीत?"

"कसं सांगणार?" ते झगा घडी करत बोलले. "लग्न झाल्यापासून तू कधी विचारलं नाहीस, बरं झालंय का म्हणून. तुला माहीतच असायचं. मार्चमध्ये एकदम रोज विचारायला लागलीस. चमचा हातात धरून, माझ्या तोंडाकडे बघत. तेव्हा वाईट झालंय म्हणायला जीभ रेटेना. आणि ऑफिसात काय चाललंय ते तू सांगितलंस तेव्हा म्हटलं, हे डॉक्टरनेच सांगावं. माझ्याकडून नको."

"आणि गुडघा?"

"तो ठणठणीत आहे."

मी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. अजून दोन टाचण्या शर्टाला होत्या, त्या टोचल्या. टोचू देत.

संध्याकाळी ताईला आणि भोंग्याला जेवायला बोलावलं. ताई दारातच म्हणाली, "सूप आहे का?" आणि शिंपीबुवांकडे बघितलं. मी म्हटलं, "आहे. आणि आज टेबलाखाली कुणीही कुणाला लाथ मारायची नाही." दोघंही शाळेतल्या पोरांसारखे लाजले. भोंग्याने भुरका मारला आणि वरच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकलं. ताईने तीनदा वाढून घेतलं. अंदाज अगदी बरोबर होता, माझा मला कळत होता, मी कुणालाही विचारलं नाही.

शिंपीबुवांनी एक चमचा घेतला. थांबले. दुसरा घेतला. सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं आणि माझ्याकडे हात पुढे केला.

"जरा मीठ दे गं," म्हणाले.